कुत्र्याच्या ताटलीत काय वाढता?

मधुमेहाच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणारे एक आजोबा आहेत. परवा त्यांची साखर बरीच खाली आलेली पाहून मी त्यांना शाबासकी दिली. ‘बिस्किटं पुरी सोडली साहेब,’ ते म्हणाले. मग घरात येणाऱ्या पुड्यांचे काय करता, असे विचारले तर म्हणाले, ‘टायगरले देतो ना. सकाळी पाच, संध्याकाळी पाच. त्याले कुठं डायबेटिस होते?’

रांगेतले सगळे हसले. मीही हसलो. पण त्या दिवशी घरी जाताना तो प्रश्न डोक्यातून जाईना. एक तर कुत्र्याला मधुमेह होतो. तो बहुधा इन्सुलिनच टोचावे लागणारा असतो. बिस्किटांनीच तो होतो असे नाही, पण लठ्ठ कुत्र्यात इन्सुलिनचा परिणाम कमी होतो हे माणसासारखेच. दुसरे म्हणजे साधा हिशेब. एका ग्लुकोज बिस्किटात साधारण २० कॅलरी. दहा बिस्किटांच्या २००. दहा किलो वजनाच्या प्रौढ गावठी कुत्र्याची दिवसाची एकूण गरज सुमारे ६०० कॅलरींची. म्हणजे आजोबांचा टायगर आपल्या दिवसभराच्या आहाराचा तिसरा हिस्सा मैदा, साखर आणि पामतेलात उडवतो. आपल्यासाठी वाईट म्हणून जे आपण ताटातून काढले, तेच आपण लाडाने त्याच्यापुढे ठेवतो.

माणसांच्या डॉक्टरने कुत्र्याच्या आहारावर का लिहावे, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. कुत्रा आजारी पडला तर पशुवैद्यकाकडेच जायचे, माझ्याकडे नाही. पण कुत्रा काय खातो याचा घरातल्या माणसांच्या तब्येतीशी थेट संबंध असतो आणि तो तुटतो तेव्हा रुग्ण माझ्या टेबलासमोर येऊन बसतो. त्याबद्दल पुढे सांगतोच.

दारातला कुत्रा घरात आला

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लोणारात कुत्रा पाळणे म्हणजे त्याला नाव ठेवणे आणि रात्री उरलेली भाकरी टाकणे. तो दारात बसे, अर्धे पोट गावात फिरून भरे. आता चित्र बदलले आहे. बुलडाणा, जालना, संभाजीनगरहून लॅब्राडोर, पॉमेरेनियन, जर्मन शेफर्डची पिल्ले येतात. पारा ४४-४५ अंशांवर जाणाऱ्या गावात ही दाट केसांची जनावरे सांभाळणे सोपे नाही, पण तो वेगळा विषय. किराणा दुकानात बिस्किटांच्या शेजारी आता कुत्र्यांच्या खाद्याची रंगीत पाकिटेही लटकतात. सरोवर पाहायला येणारे पर्यटक काठावरच्या कुत्र्यांना पुडेच्या पुडे फोडून घालतात.

प्रेम वाढले, ही चांगलीच गोष्ट. आपल्याकडे ते नवेही नाही. दत्ताच्या पायाशी कुत्री आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे. नामदेवांची गोष्ट तर प्रत्येक कीर्तनात येते. कुत्र्याने भाकरी पळवली, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. आजचा डॉक्टर तुपाच्या वाटीऐवजी चमचा घ्या म्हणेल, एवढाच फरक. पण समोरच्या जिवाला हे अन्न पुरे पडते का, ही त्या गोष्टीतली काळजी अगदी शास्त्रीय आहे. आपल्या प्रेमात नेमकी तीच कमी पडते. आपल्याला आवडते ते आपण त्याला देतो, त्याला काय लागते हे विचारत नाही.

लांडगा नव्हे, पण माणूसही नव्हे

कुत्र्याच्या आहाराबद्दल दोन टोकाची मते कानावर पडतात. एक म्हणते, कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला कच्चे मांसच हवे. दुसरे म्हणते, आपण खातो तेच त्याला चालते. दोन्ही चूक.

२०१३ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी लांडगे आणि कुत्री यांच्या जनुकांची तुलना ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. पिष्टमय पदार्थ पचवणारे अमायलेज हे विकर बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, कुत्र्यांत मात्र चारपासून तीसपर्यंत आढळल्या. माणूस शेती करू लागला, त्याच्या उकिरड्यावर धान्य पडू लागले आणि ते पचवू शकणारी कुत्री टिकली, असा त्याचा अर्थ लावला जातो. आपली ज्वारीची भाकरी कुत्र्याला पचते ती त्यामुळे. शिजवलेला भात, भाकरी, पोळी हे त्याचे शत्रू नाहीत.

पण पचते म्हणजे पुरते असे नव्हे. प्रौढ कुत्र्याच्या आहारात, पाणी वगळून उरलेल्या भागात, किमान १८ टक्के प्रथिने असावीत असे अमेरिकी मानक आहे. वाढत्या पिल्लासाठी ते साडेबावीस टक्के आहे. ज्वारीत प्रथिने दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे नुसत्या भाकरीवर वाढणारे पिल्लू पोट भरूनही उपाशी राहते. पोट सुटलेले, पाय वाकलेले, केस राठ झालेले पिल्लू आपण पाहतो आणि ‘जातच तशी’ म्हणून सोडून देतो. बऱ्याचदा दोष जातीचा नसतो, ताटलीचा असतो.

भाकरी दुधात कुस्करून देण्याची आपली पद्धत थोडी बरी. मात्र मोठ्या झालेल्या अनेक कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचत नाही, जुलाब होतात. तशांना दही किंवा पातळ ताक अधिक मानवते, तेही बिनमिठाचे.

आपल्या स्वयंपाकघरातली विषे

आता महत्त्वाचे. आपल्याला निर्धोक असलेले काही पदार्थ कुत्र्याला विषासारखे आहेत आणि त्यातले बरेचसे आपल्या रोजच्या कालवणात असतात.

पहिला कांदा, आणि त्याच्या जोडीने लसूण. यांतल्या गंधकयुक्त द्रव्यांनी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात आणि रक्तक्षय होतो. दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा त्रासदायक ठरतो, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला दोन-तीन मध्यम कांदे. एवढा कांदा कोण घालतो, असे वाटेल. पण मटणाच्या रश्शाच्या तळाशी, झुणक्यात, मसाल्याच्या वाटणात तो साठलेला असतो. कच्चा, शिजलेला, तळलेला किंवा वाळवलेला, कुठलाही असो, परिणाम तोच. शिवाय थोडाथोडा रोज दिला तरी नुकसान साठत जाते. खरकटा रस्सा भाकरीवर ओतण्याची सवय म्हणून मोडायला हवी.

दुसरी द्राक्षे, मनुका आणि बेदाणे. यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे एक-दोन दिवसांत निकामी होतात. किती खाल्ल्यावर होतील याचा नेम नाही, म्हणून एकही नको. यामागे टार्टरिक आम्ल असावे असे अलीकडे पशुवैद्यक मानू लागले आहेत. तेच आम्ल चिंचेत भरपूर असते आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही मूत्रपिंडाचा असाच त्रास दिसलेला आहे. चिंचेचे सार, चिंच घातलेली आमटी कुत्र्यापासून दूर ठेवा.

तिसरे चॉकलेट. त्यातले थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार हळू बाहेर पडते. काळे, कडू चॉकलेट जितके जास्त गडद तितके जास्त धोक्याचे. उलट्या, अस्वस्थता, छातीची धडधड, पुढे झटके. वाढदिवसाचा केक कापला की पहिला तुकडा कुत्र्याला भरवून फोटो काढण्याची जी पद्धत पडली आहे, ती बंद केलेली बरी.

चौथे झायलिटॉल. साखर नसलेल्या काही च्युइंगगममध्ये, गोळ्यांत, परदेशी शेंगदाणा लोण्यात हा गोडवा असतो. माणसाला त्रास नाही, पण कुत्र्यात त्याने इन्सुलिन एकदम स्रवते, अर्ध्या-एक तासात साखर कोसळते आणि जास्त प्रमाणात यकृत बिघडते. मधुमेही माणसांच्या घरात हा डबा टेबलावर उघडा नको.

पाचवी शिजवलेली हाडे. कोंबडीचे शिजलेले हाड फुटते तेव्हा त्याच्या टोकदार चिळप्या होतात. त्या घशात अडकतात, आतड्याला भोक पाडतात.

आणि यादीत अन्न नसलेली एक गोष्ट घालतो, कारण ती आमच्या औषधपेटीतून जाते. कुत्रा लंगडतो म्हणून घरातली अंगदुखीची गोळी दुधात कालवून देणारे लोक मला माहीत आहेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडे जातात. पॅरासिटामॉलही घरच्या अंदाजाने देऊ नये. माणसाची गोळी पशुवैद्यकाने सांगितल्याशिवाय नाही, हा नियम ठेवा.

डॉक्टरच्या घरची चूक

हे सगळे मी शहाणपणाच्या गादीवर बसून सांगतो आहे असे समजू नका. आमच्या घरी मोती नावाचा गावठी कुत्रा होता. एका गटारीला घरी पाहुणे होते. रात्री मटणाची काढून ठेवलेली चरबी, कातडी आणि रश्शाचा वरचा तर्रीचा थर मी स्वतः त्याच्यापुढे ओतला. वर्षातून एकदा खाऊ दे बिचाऱ्याला, असा माझा विचार. सकाळी तो कोपऱ्यात पाठ वाकवून उभा होता, पुढचे पाय पसरलेले, मागचा भाग वर. पाणी प्यायला की उलटी. मी अपचन समजून अर्धा दिवस घालवला. पशुवैद्यकाने पोटाला हात लावताच सांगितले, स्वादुपिंडाला सूज आहे.

माझ्या वॉर्डात दारू आणि पित्ताच्या खड्यांमुळे स्वादुपिंडाला सूज आलेले रुग्ण असतात. तो आजार मी रोज ओळखतो. घरच्या जनावरात मात्र ओळखला नाही, कारण एका वेळच्या चरबीने तो होऊ शकतो हे मला ठाऊकच नव्हते. तीन दिवस सलाइनवर राहून मोती वाचला. नंतर कितीतरी वर्षे जगला, पण साध्या भाकरी-वरणावर. प्रत्येक गटारीला तो शेजारच्या अंगणात बांधलेला असे आणि घरातली मुले मला टोमणे मारत.

यकृतातली गाठ

आता मघाशी राखून ठेवलेली गोष्ट.

मेंढ्या राखणाऱ्या कुटुंबातली एक बाई काही वर्षांपूर्वी उजव्या बरगडीखाली जड वाटते म्हणून आली. ताप नाही, कावीळ नाही. सोनोग्राफीत यकृतात पाण्याने भरलेली मोठी गाठ, आत पिल्लांसारख्या छोट्या गाठी. हा हायडेटिड रोग. पुढे मोठ्या रुग्णालयात तिची शस्त्रक्रिया झाली आणि ती बरी झाली. जाण्याआधी तिने विचारले, ‘साहेब, म्या तं माळकरी हाओ. मटण खात नाही. मले हे कसं झालं?’

हा प्रश्न मी कधी विसरणार नाही, कारण त्यात या रोगाचे सगळे मर्म आहे. हायडेटिड मटण खाल्ल्याने होत नाही. त्याचे चक्र असे चालते. कुत्र्याच्या आतड्यात अर्धा-एक सेंटिमीटरहूनही लहान अशी पट्टकृमी राहते. कुत्र्याला तिचा काहीच त्रास नसतो, तो धडधाकट दिसतो. तिची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. गवताला, मातीला, भाजीला, कुत्र्याच्या केसांना चिकटतात. मेंढी, बकरी, गाय-बैल चरताना ती गिळतात आणि त्यांच्या यकृतात, फुप्फुसात गाठी वाढतात. जनावर कापले की गाठी असलेले काळीज, फोपसे कोणी खात नाही. ते कुत्र्यापुढे टाकले जाते. कच्चे. कुत्र्याच्या पोटात पुन्हा कृमी तयार होतात आणि चक्र पुरे होते. माणूस या चक्रात नसतोच. कुत्र्याला कुरवाळून न धुतलेल्या हाताने घास घेतला, अंडी लागलेली कोथिंबीर खाल्ली, की तो वाटेत सापडतो. गाठ वर्षानुवर्षे मुकाट वाढते. लहानपणी शिरलेले अंडे चाळिशीत दुखू लागते. ती फुटली तर जिवावर बेतू शकते.

म्हणून त्या माळकरी बाईच्या यकृतातली गाठ खरे तर कुत्र्याच्या ताटलीतून आली होती.

हे चक्र तोडता येते, आणि ते तोडून दाखवलेले देश आहेत. एकोणिसाव्या शतकात आइसलँडमध्ये मेंढ्या, कुत्री आणि माणसे एकाच छपराखाली राहत आणि हा रोग तिथे घरोघरी होता. १८६३ मध्ये हाराल्ड क्राब्बे नावाचा डॅनिश शास्त्रज्ञ तिथे गेला. त्याने लिहिलेली छोटी पुस्तिका १८६४ मध्ये लोकांत मोफत वाटली गेली. कुत्र्याला कच्चे काळीज-फोपसे घालू नका, पुरून किंवा जाळून टाका, कुत्र्याला जंताचे औषध द्या, हात धुवा. पुढे कायदाही आला. काही दशकांत तिथला रोग ओसरू लागला आणि विसाव्या शतकात तो संपला. न्यूझीलंडने १९५९ मध्ये स्वतंत्र कायदा करून हेच केले आणि २००२ मध्ये देश जवळपास रोगमुक्त झाल्याचे जाहीर केले. दोन्हीकडे विजय मुख्यतः कुत्र्याला काय घालायचे हे ठरवून मिळाला, एखाद्या महागड्या औषधाने नव्हे.

पाकीट की पातेले?

तर मग कुत्र्याला घालायचे काय? तयार खाद्य की घरचे?

तयार खाद्याचा धंदा १८६० च्या सुमारास लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकी माणसाने सुरू केला, जहाजावरची कडक बिस्किटे कुत्री खातात हे पाहून. आज चांगल्या पाकिटाचा मोठा फायदा असा की कॅल्शियम, फॉस्फरस, जीवनसत्त्वे यांचे प्रमाण त्यात मोजून घातलेले असते. मात्र पाकीट म्हणजे हमी नव्हे. २००७ मध्ये अमेरिकेत गव्हाच्या प्रथिनांत मेलामाइनची भेसळ निघाली, हजारो कुत्र्यामांजरांची मूत्रपिंडे बिघडली आणि लाखो डबे परत मागवावे लागले. २०१८ मध्ये तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने धान्याऐवजी वाटाणे, मसूर भरलेल्या ‘धान्यमुक्त’ खाद्याचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी काही संबंध आहे का याचा तपास सुरू केला. कार्यकारण पक्के ठरलेले नाही, पण ‘धान्य वाईट’ या फॅशनमागे धावायचे कारण नाही, एवढे आपल्यासाठी पुरे.

पाकीट घेताना पुढचे चित्र पाहू नका, मागचे बारीक अक्षर वाचा. हे ‘संपूर्ण आहार’ आहे की नुसता पूरक खाऊ? पिल्लाचे की प्रौढाचे? उत्पादनाची तारीख कोणती? एकदा उघडलेले पाकीट पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून हवाबंद डब्यात ठेवा. सुट्टे, वजनावर मिळणारे खाद्य शक्यतो नको.

घरचे जेवणही चांगले असू शकते, पण अंदाजपंचे नव्हे. कॅलिफोर्नियातील पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये पुस्तके आणि इंटरनेटवरील घरगुती जेवणाच्या २०० कृती तपासल्या. त्यातल्या ९५ टक्के कृतींत किमान एक आवश्यक घटक कमी निघाला. बहुतेक घरी कॅल्शियम कमी पडते, कारण मांस आणि भात यांत ते फार थोडे असते. उलट मोठ्या जातीच्या पिल्लाला ‘हाडे बळकट व्हावीत’ म्हणून दुकानातले कॅल्शियम ओतत राहिले तरी हाडे वाकडी वाढतात. किती द्यायचे हे पशुवैद्यकाला विचारून ठरवा.

दहा किलोच्या प्रौढ, निरोगी कुत्र्यासाठी दिवसाचा अंदाज द्यायचा तर एक मध्यम भाकरी किंवा तेवढाच भात, दीडशे ग्रॅम उकडलेली बिनहाडाची कोंबडी किंवा तीन-चार अंडी, एक वाटी घट्ट शिजवलेले बिनफोडणीचे वरण, थोडे गाजर किंवा लाल भोपळा, एक चहाचा चमचा तेल. मीठ नको, तिखट नको, कांदा-लसूण नको. त्यावर पशुवैद्यकाने सांगितलेले खनिज-जीवनसत्त्वांचे मिश्रण. हे दोन वेळांत वाटून द्या. पिल्लांना तीन-चार वेळा थोडे थोडे. बिस्किटे, पनीरचा तुकडा असा खाऊ दिवसाच्या दहाव्या हिश्शापुढे जाऊ नये.

आपल्याकडे अनेक घरे शाकाहारी. त्यांचा कुत्रा शाकाहारावर जगू शकतो का? जगू शकतो, जर डाळी, सोयाबीन, दही-पनीर आणि चालत असतील तर अंडी यांतून प्रथिने नीट मिळाली आणि वरचे मिश्रण चुकले नाही तर. मांजराचे मात्र तसे नाही. मांजराला टॉरिनसारखे काही घटक प्राणिज अन्नातूनच लागतात. घरात मांजर असेल तर तिच्यावर आपले व्रत लादू नका.

प्रमाण कळण्यासाठी वजनकाटा नसला तरी चालतो. आपली मूठ वळा आणि बोटांच्या हाडांवरून दुसरे बोट फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या हाताला तशा टोचत असतील तर तो कृश आहे. हात सपाट करून त्याच्या पाठीवरून बोट फिरवा. बरगड्या तशा लागल्या तर छान. आणि तळहाताच्या मऊ गादीसारख्या लागल्या, म्हणजे जवळपास लागल्याच नाहीत, तर तो लठ्ठ आहे. अमेरिकेत ४८ लॅब्राडोर कुत्र्यांवर जन्मापासून मरेपर्यंत केलेल्या एका अभ्यासात, ज्यांना आपल्या जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न दिले ती मध्यमानाने जवळपास दोन वर्षे जास्त जगली आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले. कुत्र्याची दोन वर्षे म्हणजे थोडी नव्हेत.

पाण्याचे सांगायला नको, पण सांगतो. आपल्या उन्हाळ्यात सावलीत, मातीच्या पसरट भांड्यात, दिवसातून तीनदा बदललेले पाणी. फिरायला नेताना सरोवराच्या काठी त्याला पाणी पिऊ देऊ नका. ते खारे आणि तीव्र अल्कधर्मी आहे. ते अभयारण्यही आहे. तिथे मोकळे कुत्रे सोडणे मोरांना आणि इतर पक्ष्यांना जाचाचे. आणि कुत्रा जेवत असताना लहान मुलांना जवळ जाऊ देऊ नका. आमच्याकडे येणाऱ्या चाव्यांत घरच्याच कुत्र्याने ताटलीजवळ घेतलेले चावे कमी नाहीत. चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच दवाखान्यात या. कुत्रा घरचा आहे, लस दिली आहे, म्हणून थांबू नका.

तीन कामे करायची आहेत

हे सगळे एकेका घराने करायचे. पण काही गोष्टी घराच्या हातात नाहीत.

पहिली, बाजाराच्या दिवशी जिथे बकरे कापले जातात तिथला कचरा. उघड्यावर टाकलेली फोपशी आणि काळजे कुत्र्यांनी ओढून नेणे बंद झाले पाहिजे. यासाठी फार पैसा लागत नाही. झाकण असलेला खोल खड्डा, चुना आणि रोज देखरेख करणारा एक माणूस. नगरपरिषदेने आणि ग्रामपंचायतींनी एवढे केले तरी आइसलँडचा निम्मा धडा आपण गिरवला. घरी कापणाऱ्यांनीही तो भाग पुरावा, नाही तर कुत्र्याला देण्याआधी निदान चाळीस मिनिटे उकळावा.

दुसरी, जंताचे औषध. रेबीजच्या लसीकरण शिबिराला कुत्रा आणला की त्याच वेळी त्याला प्रॅझिक्वांटेल असलेली गोळी द्यावी. जंताचे प्रत्येक औषध हायडेटिडच्या कृमीवर चालत नाही, हे चालते. मेंढपाळांच्या आणि कच्चे मांस मिळणाऱ्या कुत्र्यांना ते दर तीन महिन्यांनी मिळायला हवे. पशुवैद्यकीय दवाखाना आणि आमचे रुग्णालय यांच्यात फार अंतर नाही. कागदावरचे अंतर मात्र मोठे आहे. माणसाचे, जनावराचे आणि परिसराचे आरोग्य एकच आहे असे आपण परिषदांत बोलतो. ते तालुक्यात एका टेबलावर येऊ द्या.

तिसरी, पाकिटांवरची मराठी. ज्या खाद्यावर मूल किंवा म्हातारे माणूस घरच्या जनावराला वाढणार, त्यावर संपूर्ण आहार की पूरक, किती वजनाला किती द्यायचे, एवढे तरी मराठीत छापायला लावणे अवघड नाही.

आजोबा पुढच्या महिन्यात येतील तेव्हा मी त्यांची साखर बघीन आणि टायगरची बरगडी कशी लागते हेही विचारीन. बिस्किटे त्यांनी सोडली हे चांगलेच झाले. आता दुकानातून आणायचीही सोडावीत. पुडा घरात आलाच नाही, तर तो आजोबांच्या तोंडात जायचा नाही आणि टायगरच्याही नाही.